चहाच्या डब्याचा कॅमेरा: कामाच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

लेकीने शाळेसाठी बुटाच्या खोक्याचा 'सूचिछिद्र प्रतिमाग्राहक', म्हणजे पिनहोल कॅमेरा, केला. एका बाजूला टाचणीचं भोक, समोरच्या बाजूला ट्रेसिंग पेपर. खोलीचे पडदे ओढून मेणबत्ती लावली आणि ज्योत कागदावर उलटी दिसली. शाळेपुरतं काम संपलं. ती मात्र खोकं हातात फिरवत राहिली. "बाबा, कॅमेरा म्हणतात ना याला? मग यात फोटो कुठे येतो?"

प्रश्न रास्त आहे. हंपीला विरूपाक्ष मंदिरात गाभाऱ्यामागच्या अंधाऱ्या जागेत भिंतीवर गोपुराची उलटी आकृती पडते, ती आम्ही बघितली होती. गाइड तिला 'उलटी सावली' म्हणतो. सावली कसली, ती चक्क प्रतिमा आहे. फक्त ती धरून ठेवायला तिथे कोणी नाही.

ठरवलं. पत्र्याचा डबा, फोटोचा कागद, भिंग नाही, बॅटरी नाही. एप्रिलचा शेवटचा रविवार २००१ पासून जगभर पिनहोल छायाचित्रणाचा दिवस म्हणून पाळतात. यंदा तो २७ तारखेला आहे. तोपर्यंत एक तरी धड फोटो. विषयही लेकीनेच सुचवला: आमच्या कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा बनवला होता. आपल्याला डब्याला भोक पाडता येऊ नये?

११ मार्च

मामांकडे गेलो. गंगावेशीतला त्यांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण माळ्यावर सगळं जपून ठेवलेलं. तीन ट्रे, दोन चिमटे, थर्मामीटर, लाल रंगाचा झिरोचा बल्ब आणि आठ बाय दहा इंची कागदाचं अर्धं पाकीट. पाकीट किमान पंधरा वर्षांचं.

"मामा, हा चालंल का?"

"गेला असंल त्यो. उन्हाळं किती खाल्लं त्येनं. पण घिऊन जा, फुकटचा हाय."

डेव्हलपरची, म्हणजे कागदावर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची, पावडर मात्र दगड झाली होती. ती तिथेच ठेवली.

१५ मार्च, शनिवार

डबा मिळाला. चहापत्तीचा चौकोनी, दाबून बसणाऱ्या झाकणाचा. आडवा ठेवला की तळ समोर येतो आणि झाकण मागे. तळापासून झाकणापर्यंतची खोली बरोबर १० सेंमी. आठ बाय दहाच्या कागदाचे चार तुकडे केले की चार बाय पाच इंचाचा एक तुकडा झाकणाच्या आतून नेमका बसतो. तळाच्या मध्यभागी १५ मिमीचं मोठं भोक पाडलं. खरं छिद्र वेगळ्या पातळ पत्र्यावर पाडून आतून चिकटवायचं. डब्याच्या पत्र्यालाच टाचणी मारली तर कडा वाकड्यातिकड्या येतात आणि चुकलं तर अख्खा डबा वाया.

आतून फळ्याचा काळा रंग दिला, दोन हात. तो चमकत नाही, हे महत्त्वाचं. ऑइल पेंट मारला तर काळा असूनही आतल्या आत उजेड परततो.

छिद्र केवढं हवं? सगळ्यांचा अंदाज असा की जितकं बारीक तितकं चित्र स्पष्ट. लेकीचाही तोच, आणि खरं तर माझाही तोच होता. पण प्रकाश लहरींसारखा वागतो, फार अरुंद वाटेतून निघाला की पसरतो. म्हणून मधलं एक माप असतं. लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचा हिशेब मांडला: छिद्र ते कागद हे अंतर गुणिले प्रकाशाची तरंगलांबी, त्याचं वर्गमूळ, त्याला १.९ ने गुणायचं. अंतर १०० मिमी, तरंगलांबी ०.०००५५ मिमी. वर्गमूळ ०.२३४ येतं, गुणाकार ०.४५ च्या आसपास. म्हणजे जवळपास अर्धा मिलिमीटर. माझ्या कल्पनेच्या मानाने खिडकीच.

१६ मार्च, रविवार

डेव्हलपर घरीच करायचा म्हणून कॉफीची कृती घेतली. अर्धा लिटर पाण्यात २७ ग्रॅम धुण्याचा सोडा, ८ ग्रॅम व्हिटॅमिन सी, २० ग्रॅम इन्स्टंट कॉफी. कॉफी चिकोरी नसलेली, नुसती. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत चिकोरी मिसळलेली असते, लेबल वाचूनच घ्यावी.

लाल दिव्यात कागदाचा एक तुकडा कापला, क्षणभर पांढऱ्या उजेडात धरला आणि ट्रेमध्ये बुडवला. काळा व्हायला हवा होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कागद पांढराशुभ्र. मग आई न्हाणीघराच्या दाराशी आली: "माझा खायच्या सोड्याचा डबा कुठं गेला रे?"

खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा. एक सोडियम बायकार्बोनेट, दुसरा कार्बोनेट. कॉफी आणि व्हिटॅमिनला काम करायला चांगलंच अल्कधर्मी पाणी लागतं, खायच्या सोड्याने ते होत नाही. दुकानातून धुण्याचा आणला, पुन्हा मिश्रण केलं. वास असा की आईने कॉफी पिणं सोडायचं जाहीर केलं.

आता उलटा त्रास. उजेड दाखवलेला तुकडा काळा झाला, पण न दाखवलेलाही राखाडी. दोष दिव्याचा की कागदाचा? मिट्ट काळोखात एक तुकडा थेट पाकिटातून काढून बुडवला. तोही राखाडी. मामा म्हणाले तसंच, कागद गेला. मुंबईहून नवा मागवला.

१८ मार्च

उद्यमनगरात मित्राच्या टूलरूममध्ये. त्याच्याकडे प्रोफाइल प्रोजेक्टर आहे. एरवी त्याच्यावर गिअरचे दात नि कटरच्या धारा तपासतात, आज माझी भोकं. वीसपट मोठी होऊन काचेवर पडली आणि दोघांनाही हसू आलं. कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याला टाचणीने पाडलेलं भोक ०.८२ मिमी, कडेला बर, म्हणजे उठलेली खरबरीत धार, अशी की जणू कुणी दाताने फाडलंय. सुईच्या नुसत्या टोकाने पाडलेलं ०.२१, पण बऱ्यापैकी गोल.

मित्राने पॉइंट झिरो फाइव्हचा पितळी शिम, म्हणजे अगदी पातळ पत्रा, दिला. पद्धत त्यानेच सांगितली. शिम जाड पुठ्ठ्यावर ठेवायचा, बारीक सुईने हलकं दाबून फक्त खळगा करायचा, पार न्यायची नाही. उलटा करून उठलेला उंचवटा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाण्यात घासायचा. घासता घासता टोक उघडतं. मग सुई हळूच फिरवायची, पुन्हा घासायचं. चौथ्या खेपेला प्रोजेक्टरवर ०.४४. कडा स्वच्छ. चहाचे पैसे त्यानेच दिले.

ज्यांच्याजवळ टूलरूमवाला मित्र नाही त्यांनी स्कॅनर वापरावा. १२०० डीपीआयला ०.४५ मिमीचं छिद्र २१ पिक्सेल रुंद दिसतं. मोजून बघता येतं.

२० मार्च, विषुवदिन

राखाडी झालेला कागद टाकवेना. त्याचा एक उपयोग आहे: सूर्याच्या वाटा. छिद्र उघडं ठेवून डबा महिनोन्महिने उन्हात बांधून ठेवायचा. सूर्य रोज एक रेघ ओढतो आणि कागद डेव्हलपरशिवाय नुसत्या उन्हाने काळवंडत जातो. डेव्हलपरच नाही, तर राखाडी व्हायचा प्रश्नही नाही. इंग्लंडमध्ये बेफर्डबरी वेधशाळेत २०१२ मध्ये लावलेला असा एक बिअरचा कॅन लावणारीच विसरून गेली. २०२० मध्ये काढला तेव्हा आत आठ वर्षांच्या २,९५३ सूर्यरेषा निघाल्या.

आपला कोल्ड्रिंकचा कॅन, १२ सेंमी उंच, साडेसहा सेंमी व्यासाचा. मध्यावर सुईचं भोक, आत कागद गोल बसवला, वर पुठ्ठ्याचं झाकण आणि भरपूर टेप. गच्चीवर टाकीच्या पाइपाला उभा बांधला, छिद्र दक्षिणेकडे. आईने विचारलं, "उंदीर धरायचाय का त्यात?" गंमत म्हणजे छायाचित्रणाच्या आरंभकाळात, १८३५ च्या सुमारास, टॅलबॉट असेच छोटे लाकडी कॅमेरे घरभर ठेवायचे आणि त्यांची बायको त्यांना उंदराचे सापळेच म्हणायची. आईला सांगितलं. "बरोबरच म्हणायची," एवढंच बोलली.

३० मार्च, गुढीपाडवा

नवा कागद आला. आधी दिव्याची परीक्षा: लाल झिरोच्या खाली कागदावर रुपयाचं नाणं ठेवून पाच मिनिटं थांबलो, मग डेव्हलप केला. नाण्याचा पांढरा गोल स्पष्ट उमटला, म्हणजे बाकी कागदाला उजेड लागला होता. बल्बचा रंग जागोजागी उडालाय. त्याऐवजी लेकीच्या सायकलचा मागचा लाल एलईडी लावला. पुन्हा नाणं, पुन्हा पाच मिनिटं. काही उमटलं नाही. हा दिवा पास.

पहिला फोटो गुढीचा. सकाळी नऊ वाजता डबा कठड्यावर टेकवला, छिद्रावरची काळी टेप काढली, लेकीने मोठ्याने चाळीस मोजले, टेप परत लावली. न्हाणीघरात तिघं दाटीवाटीने उभे. कागद डेव्हलपरमध्ये टाकला आणि दहा सेकंदांत एका कोपऱ्यातून काळं पसरायला लागलं. अर्ध्या मिनिटात अख्खा कागद डांबर.

मामांना फोन केला. "डबा गळतोय. उजेड पाण्यागत असतोय बघ, फट दिसली की शिरला. पाणी भरून बघ म्हंजे कळंल."

पाणी भरलं नाही, पण अर्थ कळला. झाकण दाबून बसतं ते चहापुरतं. संध्याकाळी गुढी उतरवली. तो फोटो आता पुढच्या पाडव्याला.

२ एप्रिल

डब्याच्या काठाला रिक्षाच्या जुन्या ट्यूबची काळी पट्टी चिकटवली, झाकणावर काळ्या कापडाची टोपी. परीक्षा: आत कागद, छिद्र बंद, डबा भर दुपारी गच्चीवर दहा मिनिटं. डेव्हलप केल्यावर कागद पांढरा. ही परीक्षा पाडव्याच्या आधी करायची होती.

६ एप्रिल, रविवार

आजचा दिवस हिशेबाचा आणि सगळ्यात मजेचा. तिन्ही छिद्रं आळीपाळीने लावून समोरच्या घराची तीच खिडकी टिपली.

उघडं किती वेळ ठेवायचं ते असं काढलं. अंतर भागिले छिद्र: १०० भागिले ०.४५, म्हणजे एफ २२२. स्वच्छ उन्हात एफ १६ असेल तर फिल्मच्या वेगाइतका सेकंदाचा भाग, हा स्टुडिओवाल्यांचा जुना ठोकताळा. कागदाचा वेग ६ धरला तर एक षष्ठांश सेकंद. २२२ ला १६ ने भागून वर्ग केला की १९२ येतात, त्याला ६ ने भागा: ३२ सेकंद. एवढा वेळ लागला की कागद थोडा सुस्तावतो, म्हणून ४०. सावलीत मात्र पाच ते दहा मिनिटं, तिथे ठोकताळा फारसा उपयोगाचा नाही, करून बघावं लागतं.

०.८२ च्या छिद्राला १२ सेकंद पुरले. चित्र उजळ, पण खिडकीचे गज कापसाचे झाल्यासारखे. ०.२१ ला तीन मिनिटं. लेकीची पैज याच्यावर होती. आला तो फोटोही मऊच निघाला, गज धूसर. हिशेब केला तर एवढ्या बारीक छिद्रातून एका बिंदूचा कागदावर सुमारे ०.६ मिमीचा ठिपका होतो, म्हणजे छिद्राच्या तिप्पट. ०.४४ मध्ये मात्र गज मोजता आले. सात.

लेक पैज हरली. आईस्क्रीम तरीही मलाच द्यावं लागलं.

डेव्हलपर २७ अंशांवर चार मिनिटं. नंतर अर्धं पाणी घातलेलं व्हिनेगर, मग चित्र पक्कं करणारा हायपो, लिटरला २०० ग्रॅम. हायपो विरघळताना पाणी आपोआप गार होतं, एप्रिलमध्ये एवढंच काय ते सुख.

१२ एप्रिल

चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. घर पाहुण्यांनी भरलंय, न्हाणीघर रिकामं मिळणं अशक्य. काम बंद.

१३ एप्रिल

रंकाळ्यावर पहाटे. वाऱ्याने डबा हलला, सगळं दुहेरी. पुढच्या वेळी डब्यावर वीट.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. काठावरचा भगवा झेंडा निगेटिव्हवर अगदी पांढरा आलाय, म्हणजे पॉझिटिव्हमध्ये तो काळा दिसणार. हा कागद निळा-हिरवा उजेड ओळखतो, तांबडा-केशरी त्याला दिसत नाही. म्हणूनच तर लाल दिव्यात काम करता येतं. कोल्हापुरात भगव्याचा काळा झाला तर लोकांना काय सांगायचं, हा वेगळा प्रश्न.

२० एप्रिल

मामा घरी आले. लेकीने मोबाइलवर निगेटिव्हचा फोटो काढून रंग उलटे केले आणि झटक्यात पॉझिटिव्ह दाखवला. मामांनी चष्मा वर केला. "पाटी वाच की."

समोरच्या दुकानाची पाटी आरशातल्यासारखी उलटी होती. आपण कागद छिद्राच्या बाजूने बघतो, म्हणून सुलट धरला तरी डावं-उजवं बदललेलं राहतं. मोबाइलमध्ये ते आणखी एकदा आडवं फिरवावं लागतं. मामांनी मग त्यांच्या पद्धतीने करून दाखवलं: कोऱ्या कागदाच्या तोंडाला निगेटिव्हचं तोंड लावायचं, वर काच, आणि वरून साधा बल्ब तीन सेकंद. डेव्हलपरमध्ये पाटीची अक्षरं सुलट उगवत आली. कागदाच्या जाडीतून उजेड गेल्याने थोडी रवाळ, पण सुलट. लेक गप्प झाली, आणि मोबाइल बाजूला गेला तो दिवसभर.

मामांचे हात ट्रेमध्ये अजून तसेच चालतात. चिमटा त्यांनी घेतलाच नाही.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी साडेआठ, खरी कॉर्नर. एका डब्यात एकच कागद बसतो, त्यामुळे एक फोटो काढायचा, घरी पळायचं, न्हाणीघरात कागद बदलायचा, परत यायचं. घर जवळ म्हणून जमलं. तीन खेपा.

डबा स्टुलावर, वर वीट. डब्याची टोपी बाहेरून काळी केली होती, पण चहाचं लेबल राहून गेलं होतं. एक गृहस्थ थांबले. "चहा हाय व्हय?" नाही म्हटलं, फोटो काढतोय. "कशानं?" डब्याने. ते डब्यासमोर येऊन उभे राहिले आणि आत वाकून बघायला लागले. टेप उघडी होती. लेक मोजत होती: तेवीस, चोवीस. बाजूला व्हा म्हणेपर्यंत एकतीस झाले.

पहिला फोटो त्यांच्यामुळे गेला असं वाटलं. दुसरा ५० सेकंदांचा, स्वच्छ आला. तिसऱ्या वेळी ऊन चढलं होतं, ४० पुरले.

डेव्हलप करून तिन्ही शेजारी ठेवले. रविवारची सकाळ, रिक्षा, दुचाक्या, भाजीच्या पिशव्या, सतत वर्दळ होती. फोटोत रस्ता रिकामा. चालणारं, धावणारं काहीच कागदाला समजलं नाही. स्तंभ, तारा, उभी केलेली एक मोपेड आणि बंद दुकानाचं शटर, बस. १८३८ मध्ये दागेर यांनी पॅरिसचा रस्ता टिपला तेव्हाही असंच झालं होतं. गर्दीचा रस्ता ओस दिसतो, आणि बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा राहिलेला माणूस मात्र उमटलाय.

आणि आमचे चहावाले गृहस्थ? पहिल्या फोटोत ते आहेत. सात-आठ सेकंदच उभे होते, म्हणून अर्धपारदर्शक, त्यांच्या आरपार स्तंभ दिसतो. तीन्हींतला हाच लेकीने भिंतीला लावायला घेतला. मामांना दुसरा आवडला. मलाही पहिलाच, पण मामांना सांगितलं नाही.

७ मे

काल शून्य सावली. दुपारी गच्चीवर उभी ठेवलेली बाटली स्वतःच्याच बुडाखाली सावली लपवून बसली. आज कॅन उतरवला, ४८ दिवसांनी. मध्ये दोनदा वळीव येऊन गेला, पण टेपने तग धरला.

आत मधोमध शेजारच्या घराचं छप्पर आणि टाकी, तांबूस-जांभळ्या रंगात. सूर्यरेषा? कागदाच्या दोन टोकांना चार-चार बोटांवर, मिशांसारख्या. मध्ये आकाश कोरं.

कारण बसून काढलं. छिद्र कॅनच्या मध्यावर, त्याच्या खाली ६ सेंमी कागद, समोरची भिंत साडेसहा सेंमीवर. थेट समोरून येणारा सूर्य ४३ अंशांपेक्षा वर असला की त्याची तिरीप कागदावर न पडता कॅनच्या तळावर पडते. कोल्हापूर साधारण १६.७ अंश अक्षांशावर. विषुवदिनी दुपारचा सूर्य इथे ७३ अंशांवर असतो, काल तर थेट डोक्यावर. डिसेंबरात सगळ्यात खाली येतो तेव्हाही ५० अंश. इंग्लंडच्या आकाशाला उभा कॅन पुरतो, आपल्या आकाशाला नाही. कृती तिकडची उचलली आणि ऊन इकडचं, दुसरं काय होणार.

म्हणजे कॅन मागे कलता बांधायला हवा, छिद्र आभाळाकडे. तसा बांधला तर पावसाळ्यात त्यात पाणी. म्हणून २२ डिसेंबरला लावून मेअखेरीस काढायचा. जानेवारीच्या शेवटी अंबाबाईचा किरणोत्सव असतो, मावळतीचं ऊन थेट देवीच्या मूर्तीवर पडतं, तेव्हाच्या रेघेवर खूण करून ठेवू. नोव्हेंबरच्या किरणोत्सवात सूर्य त्याच वाटेने मावळायला येतो, तो दुसऱ्या कॅनमध्ये.

मिशांचा कागद हायपोत घालायचा नाही, घातला की पार फिका पडतो. तो स्कॅन करून ठेवायचा, आणि स्कॅनरच्या दिव्यानेही काळवंडत जातो म्हणून शक्यतो एकदाच. लेकीने खोलीचे पडदे ओढले, कागद काचेवर पालथा ठेवला आणि विचारलं, "दाबू?"